जपूनकाकांच्या गाडीतला काळा डबा

चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडताना एकच पायरी लागते, आणि तीही जेमतेम वीतभर. पण गिऱ्हाईक त्या पायरीशी पोचलं, की आतून आवाज आलाच म्हणून समजा, "जपून हां!" नवा चष्मा लावला की जमीन जराशी वर आल्यासारखी वाटते, पाऊल चुकतं, म्हणून तो इशारा. इथवर ठीक आहे हो. पण हे गृहस्थ पेपर टाकणाऱ्याला जपून म्हणायचे, समोरच्या शिंप्याला चहा पिताना जपून म्हणायचे, आणि एकदा तर भलत्याच माणसाचा चुकून फोन आला, त्यालाही "राँग नंबर" म्हणून ठेवता ठेवता जपून म्हणाले. शेवटी गल्लीनं त्यांचं नावच पाडलं, जपूनकाका. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे.

माणूस अतोनात भित्रा. यात लपवण्यासारखं काही नाही, ते स्वतःही लपवत नसत. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. लिफ्टची भीती म्हणून जिना चढायचे, आणि जिना चढताना छातीत कळ येईल का याची भीती. सगळ्या जगात त्यांना धीर देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वॉरंटी. इस्त्री घेतली, मिक्सर घेतला, साधं भिंतीवरचं घड्याळ घेतलं, तरी पहिला प्रश्न तोच. घरातल्या एकाही वस्तूला त्यांनी कधी स्क्रूड्रायव्हर लावला नाही. उघडलं की वॉरंटी गेली, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घड्याळ बंद पडलं तर सेल बदलायच्या आधीसुद्धा दुकानदाराला फोन करणारा हा माणूस.

काकूंचा पिंड अगदी उलटा. त्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. तापानं फणफणलेली पोरं आणि हंबरडा फोडणाऱ्या आया बघून बघून त्यांची भीती केव्हाच झिजून गेली होती. "आमच्या घरात घाबरायचं खातं यांच्याकडे आहे, मी त्यात लक्ष घालत नाही," असं त्या हसत हसत सांगायच्या. नवरा रात्री तीनतीनदा कडी तपासतो, याची त्यांनी कधी थट्टा केली नाही. उलट त्यात त्यांना माया दिसायची.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आलेल्या पैशांतून गाडी घ्यायचं ठरलं. चैन म्हणून नव्हे. काकूंचे वडील शेजारच्या शहरात राहायचे, एक बाजू लुळी पडलेली. सांभाळायला माणूस होता, पण लेक आल्याशिवाय म्हातारा नीट जेवायचा नाही. दर आठवड्याला बसनं जायचं म्हणजे दोनदा गाडी बदलायची, वर पायपीट, आणि काकूंचे गुडघे आधीच कुरकुरणारे. म्हणून गाडी. ती निवडली अर्थात काकांनी, आणि कशावरून? रंग नाही, डिकी नाही, ॲव्हरेज नाही. जिची वॉरंटी सगळ्यात लांब, ती. इंजिनाला काही झालं तर कंपनी बघेल. आपल्या खिशातून इंजिन दुरुस्त करायची आपली ऐपत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. वॉरंटी होती म्हणून गाडी होती, आणि गाडी होती म्हणून म्हाताऱ्याच्या पोटात दोन घास जात होते.

आता असा माणूस इंजिनाशी खेळ करायला गेलाच कसा, असं तुम्ही विचाराल. अहो, भीतीपोटीच.

त्या शहराकडे जाणारा रस्ता एकपदरी, आणि त्यावर ट्रकांची रांग. एका सकाळी जपूनकाका सिमेंटच्या ट्रकला ओलांडायला बाहेर निघाले. समोर रस्ता रिकामा होता. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, गाडी गुरगुरली, पण पुढे काही सरकेना. ट्रकची चाकं खिडकीशेजारून फिरताहेत, फिरताहेत, संपतच नाहीत. आणि वळणावरून बस आली. काका कसेबसे ट्रकच्या पुढे घुसले तेव्हा बस इतक्या जवळून गेली, की बाजूचा आरसा थरथरला. काकू शेजारी डुलकी काढत होत्या, त्यांना पत्तासुद्धा लागला नाही. काकांनी पुढे जाऊन गाडी कडेला घेतली आणि लघवीचं निमित्त सांगून झाडामागे उभे राहिले. काकू झोपेतच गेल्या असत्या, हा विचार त्यांच्या डोक्यातून निघेना.

त्या दिवसापासून त्यांनी ओलांडणंच सोडलं. पुढे जो ट्रक असेल त्याच्या मागे, धूर खात. मागचे हॉर्न मारून कान किटवायचे. मागच्यांचीही भीती, पुढच्याचीही भीती.

ही कहाणी त्यांनी एका माणसाला सांगितली, आणि नेमकी नको त्याला. काकूंचा धाकटा भाऊ. दुनियेतल्या प्रत्येक गोष्टीवर याच्याकडे तोडगा तयार असतो, आणि तोडग्यानं घोटाळा झाला की हा गावाला गेलेला असतो.

"भाऊजी, गाडीला दम कमी पडतोय," मेहुणा दुकानातल्या खुर्चीत रेलून म्हणाला. "कंपनीवाले इंजिन मुद्दाम आवळून ठेवतात. एक डबा बसवायचा. बस्स. ट्रक असा मागे पडेल."

"आणि वॉरंटी?"

"तीच तर खुबी आहे. इंजिनाच्या कॉम्प्युटरला हातच लावायचा नाही. तिथं लिहिलेलं बदललं तर कंपनीला कळतं. हा डबा मध्ये नुसता अडकवायचा, दोन प्लगांच्या मध्ये. सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवायचा, आणल्यावर परत लावायचा. खूण राहत नाही, काही नाही. सगळे हेच करतात."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

"अहो, सगळे म्हणजे सगळे!"

काका आठवडाभर कुढले. एकीकडे बस, एकीकडे वॉरंटी. दोन भीतींची कुस्ती लागली, आणि बस जिंकली. काकूंना सांगायचं नाही असं मात्र त्यांनी ठरवलं. सांगितलं असतं तर ओलांडतानाची ती सकाळही सांगावी लागली असती.

डबा बसवणाऱ्याला सगळे जादूगार म्हणायचे. शहराबाहेर पत्र्याचं गॅरेज, आत तेलाचा वास आणि बंद पडलेला पंखा. साबणाच्या वडीएवढा काळा डबा त्यानं काकांच्या हातावर ठेवला. काकांनी तो तापलेल्या तव्यासारखा लगेच परत दिला आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. आग लागेल का? ब्रेकवर परिणाम होईल का? पावसात शॉक बसेल का? जादूगाराचं डोकं उठलं, पण गिऱ्हाईक घालवायचं नव्हतं.

"हे बघा काका, सोपं आहे. डिझेल किती दाबानं जातंय हे एक सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो. हा डबा मध्ये बसतो आणि खोटं सांगतो. दाब असतो जास्त, हा सांगतो कमी. मग कॉम्प्युटर म्हणतो, अरे, कमी पडतंय, वाढवा. की वाढला दम."

"म्हणजे आकडा खोटा."

"खोटा. म्हणून एकच सांगतो. इंजिन फिरत असताना त्या बारक्या पाइपांच्या आसपास हात न्यायचा नाही. ते डिझेल सुईसारखं कातडीत घुसतं. डोळ्यात गेलं तर डोळा गेलाच समजा."

काका आणखी काही विचारणार होते. पण जादूगाराचे हात तोवर कामाला लागले होते. त्यानं डबा इंजिनाच्या मागच्या अंगाला सरकवला, आणि कंपनी वायरींना जी काळी कापडी पट्टी गुंडाळते तीच पट्टी हुबेहूब गुंडाळली. वर मूठभर धूळ चोळली. "त्यांच्या माणसाच्या नाकाखाली असला तरी दिसायचा नाही," तो कौतुकानं म्हणाला. काकांनी वाकून पाहिलं. खरंच दिसत नव्हता.

पहिल्या आठवड्यात ते खूश होते, हे कबूल करायलाच हवं. ट्रक खरोखर मागे पडायचा. एकदा तर त्यांनी शीळ घातली, तेव्हा काकूंनी चमकून बघितलं. मग हळूहळू वेगळीच भीती मुरायला लागली. गाडी पार्क केलेली असली तरी तो डबा आत बसून आहे, असं त्यांना दुकानातून जाणवायचं. सर्व्हिसिंगचा दिवस आला की ठरलेलं काम. आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडून, पट्टी सोडून, डबा काढायचा, आणि काकू मागून "काय करताय हो?" म्हणाल्या की "बॅटरी पुसतोय." इतकी स्वच्छ बॅटरी त्या गल्लीत कुणाची नव्हती.

आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टाय लावलेला तो तरुण दर वेळी हसून विचारायचा, "गाडीत बाहेरून काही बसवलंय का, सर?"

"छे छे! मी साधा स्क्रूसुद्धा फिरवत नाही."

हे वाक्य आयुष्यभर खरं होतं. म्हणून ते त्यांच्या तोंडून इतक्या सहज यायचं, की टायवाला दुसऱ्यांदा विचारायचाच नाही.

मग ती सकाळ उजाडली. दोघं काकूंच्या वडिलांकडे निघाले होते. मोकळा, सरळ रस्ता, पुढे ट्रकही नाही. गाडीनं एक आचका दिला, मग दुसरा, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि इंजिन बंद पडलं. काकांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं फिरत होतं, सुरू होत नव्हतं.

काकांचं पहिलं लक्ष दिव्याकडे नव्हतं. डबा! डबा आत आहे!

ते धडपडत उतरले, बॉनेटचा खटका ओढला. तेवढ्यात काकू बाहेर आल्या, कानाला फोन. वॉर्डातल्या सवयीनं त्यांनी प्रसंग केव्हाच हातात घेतला होता.

"हो, बंद पडली. वॉरंटीत आहे," त्या फोनवर सांगत होत्या. "पाठवा तुमची क्रेन. आम्ही इथंच आहोत." आणि नवऱ्याकडे वळून, "अहो! ते काय उघडताय? हात लावू नका. तुम्हीच सांगता ना, उघडलं की वॉरंटी गेली?"

"नाही, जरा... बॅटरी..."

"मरू दे ती बॅटरी. बसा इथं सावलीत. तोंड बघा कसं पांढरंफटक पडलंय. पाणी प्या."

आता काय बोलणार? बायकोनं हाताला धरून सावलीत बसवलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. तिच्या देखत बॉनेटमध्ये हात घालायचा तर सगळं सांगावं लागलं असतं. काका तोंड उघडायचे आणि पाणीच प्यायचे. क्रेन इतक्या लवकर आली की त्यांना वाटलं, हे लोक टपूनच बसले होते की काय. गाडीचं नाक उचललं गेलं, आणि डब्यासकट ती त्यांच्या डोळ्यांदेखत कंपनीच्या वाटेला लागली. क्रेनच्या केबिनमध्ये काकू ड्रायव्हरशी त्याच्या मुलीच्या दम्याबद्दल बोलत होत्या. काका मागच्या काचेतून आपल्या गाडीकडे बघत होते आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मला माहीत नव्हतं. मागच्या मालकानं बसवला असेल. पण गाडी तर नवीन घेतलेली!

सर्व्हिस सेंटरमध्ये टायवाल्यानं धीर दिला. "काळजी करू नका, सर. पंपाचं काम दिसतंय. वॉरंटीत बदलून मिळेल. बसा निवांत." काकूंनी वडिलांकडच्या माणसाला फोन लावला, आज उशीर होईल, पण येते म्हणून सांगितलं. काकांना काही निवांत बसवेना. काचेपलीकडे वर्कशॉप दिसत होतं. गाडी आत ढकलली होती, बॉनेट वर. एक मेकॅनिक वाकून बघत होता.

"गोळ्या गाडीत राहिल्या," ते काकूंना म्हणाले. तेच दरवाजावरच्या माणसाला सांगितलं. आत गिऱ्हाइकाला सोडत नाहीत, पण काकांचा घामेजलेला चेहरा बघून त्यानं सोडलं.

जेवणाची सुट्टी झाली होती. हॉलभर गाड्या उभ्या, माणूस मात्र एकच, तोच मेकॅनिक. पन्नाशीकडे झुकलेला, जाड चष्मा, खिशाला फडकं. लॅपटॉपची वायर त्यानं डॅशबोर्डखाली जोडली होती. काका गोळ्या शोधल्याचं नाटक करत डिकीपाशी घुटमळले. मेकॅनिक हात धुवायला गेला, की झटक्यात मागून हात घालायचा आणि उपटायचा. एवढंच. एवढंच जमलं पाहिजे.

"गाडी तुमची का?" मेकॅनिकनं मान वर न करता विचारलं. "बरं झालं आलात. जोडीदार जेवायला गेलाय. बसा जरा आत, मी सांगितलं की सेल मारा."

"मी?"

"किल्ली फिरवायची, काका. रोज फिरवता तीच."

काका आत बसले. दुसरं करणार काय? वर उचललेल्या बॉनेटखाली बोटभर फट होती, तिच्यातून इंजिनाचा तुकडा आणि मेकॅनिकचे हात दिसत होते.

"हे बघा," मेकॅनिक लॅपटॉपकडे बोट दाखवत म्हणाला, "दाब शून्य. पंपानं मान टाकलीय. खात्री करून घेतो. हा पाइप ढिला करतो, डिझेल येतंय का बघू. असं करायचं नसतं खरं तर. पण दाबच नाही म्हटल्यावर..."

शून्य. तो आकडा कोण सांगत होतं, हे त्या हॉलमध्ये एकट्या जपूनकाकांना ठाऊक होतं.

आता बोलायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्याच वेळी दुसरा विचार धावत पुढे आला. डबा याला दिसलेला नाही. याच्या नाकाखाली आहे आणि दिसलेला नाही. पंप वॉरंटीत मिळणार आहे. दोन मिनिटं गप्प बसलं की सुटलो. आणि असेलही शून्य, काय सांगावं? डबा दर वेळी खोटंच बोलतो असं थोडंच आहे? भ्यालेल्या माणसाला असली अक्कल फार पटकन सुचते.

पाना फिरल्याचा आवाज आला. "मारा!"

काकांनी किल्ली फिरवली. हो, फिरवली. आपल्या हातानं. इंजिन घरघरलं. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"बस्स, थांबा." मेकॅनिकचा आवाज नेहमीसारखा. "काही नाही. नट नीट सुटलेला दिसत नाही. थांबा, बघतो."

काकांनी डोळे उघडले. काही झालं नव्हतं! झालं, सुटलो, शून्यच होतं.

मग त्यांनी फटीतून पाहिलं. मेकॅनिकनं चष्मा कपाळावर सरकवला आणि चेहरा थेट पाइपाजवळ नेला. असं का करतात हे काकांना कुणी सांगायला नको होतं. उणे नंबरवाला माणूस चाळिशी ओलांडून गेला, की बारीक काम बघायला चष्मा काढतो आणि नाक टेकवतो. जन्मभर त्यांनी असेच डोळे तपासले होते. आता तेच उघडे डोळे त्या नटापासून वीतभर अंतरावर होते, एक जरासा बारीक केलेला, खालच्या पापणीशी चिमूटभर काजळी. पाना परत फिरला, या वेळी चांगला अर्धा आटा.

"हां, आता सुटला. मारा काका."

काकांचा हात किल्लीवर होता.

"मारा की!"

वॉरंटी, गाडी, सासऱ्यांचं अर्धं वाकडं तोंड, काकूंचे गुडघे, टायवाला, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि त्या सगळ्याच्या मध्ये ते दोन डोळे, वाट बघणारे.

"काका, झोपलात काय?"

"बाजूला व्हा!" काका किंचाळले. किल्लीवरचा हात त्यांनी चटका बसल्यासारखा उचलला. "चेहरा काढा तिथून! डबा आहे! आकडा खोटा आहे, डबा आहे त्यात!"

मेकॅनिक दचकून मागे झाला. "कसला डबा?"

काका बाहेर आले, गाडीला धरून धरून. इंजिनामागे बोट दाखवलं. मेकॅनिकनं चष्मा खाली ओढला, टॉर्चचा उजेड पाडला, पट्टी चाचपली, आणि त्याचं बोट एका जागी थांबलं. कोपऱ्यातला जाड पुठ्ठा त्यानं आणला, पाइपासमोर तिरका उभा केला, आणि या वेळी स्वतः आत बसून किल्ली फिरवली.

फस्स असा बारीक आवाज आला, एवढाच. बाहेर येऊन त्यानं पुठ्ठा उचलून धरला. मधोमध भोक पडलं होतं, दाभणानं पाडल्यासारखं स्वच्छ. त्यातून पलीकडचा ट्यूबलाइट दिसत होता.

मेकॅनिकनं पुठ्ठा हळूच खाली ठेवला. काकांना वाटलं, हा आता मारेल. मारावं त्यानं, असंही वाटलं.

"पहिल्यांदा सेल मारलात," मेकॅनिक हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"मग?"

काकांच्या जिभेवर थापा तयार होत्या. लक्षात आलं नाही. ऐकू नीट येत नाही. पण त्या डोळ्यांत बघून एकही बाहेर पडेना.

"वॉरंटी जाईल म्हणून घाबरलो."

मेकॅनिकनं मान हलवली, समजल्यासारखी. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. खिशातलं फडकं काढून चष्मा पुसला, तो आणखीच मळला, आणि तो हात धुवायला निघून गेला. काका वळले तर काचेच्या दारात काकू उभ्या होत्या. किंकाळी ऐकून धावत आल्या होत्या त्या. पुठ्ठाही पाहिला होता, आणि शेवटचं वाक्यही ऐकलं होतं.

पुढचं व्हायचं तसं झालं. टायवाला आला, हसू कुठल्या कुठे गेलेलं. डब्याचा फोटो काढला गेला, इंजिनाची वॉरंटी तिथल्या तिथे संपली. डब्याच्या खोट्या शून्यानं इंजिन बंद पाडलं होतं, जास्तीच्या दाबानं पंपही झिजला होता आणि बरंच काही. दुरुस्तीचं काय ते विचारून कळवतो असं काका पुटपुटले, पण गाडी तिथून निघणार नाही हे सगळ्यांनाच कळत होतं. जाताना काकू तेवढ्या मेकॅनिककडे वळल्या. त्याच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला, वॉर्डातल्या मुलांचा वळवायच्या तसाच, आणि दोन्ही डोळ्यांच्या पापण्या वर करून नीट बघितलं. "काही गेलेलं नाही," म्हणाल्या. "घरी जाऊन स्वच्छ पाण्यानं धुवा."

बस थांब्यावर दोघं शेजारी उभी होती. काकांना वाटत होतं, आता ही विचारेल, बाबांकडे कसं जायचं? डबा कधी बसवला? मला का नाही सांगितलं? त्या प्रत्येक प्रश्नाची त्यांना भीती वाटत होती, आणि एकही प्रश्न येत नव्हता, त्याची जास्त. शेवटी राहवेना.

"मी त्या बसला भ्यालो होतो गं," ते सांगायला लागले. "तू झोपली होतीस. समोरून बस आली होती, थोडक्यात वाचलो. तुला काही होऊ नये म्हणून मी तो डबा..."

"खरं असेल ते," काकू म्हणाल्या. रस्त्याकडेच बघत होत्या. "तुम्ही घाबरट आहात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. मी आपली समजत होते, यांना माणसांची काळजी असते म्हणून हे घाबरतात."

पुढे काहीतरी येईल म्हणून काका थांबले. बस आली. काकू गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. शेजारची जागा रिकामी होती, पण काका दांड्याला धरून उभेच राहिले.